कात्रजच्या पायाखालची गुहा

गेल्या हिवाळ्यात नातवाच्या हट्टापायी आम्ही आंध्रातली बेलमची गुहा पाहून आलो. पुण्याहून चेन्नईच्या वाटेवर ताडीपत्री नावाचे स्टेशन लागते. तिथून तासाभराच्या आत कोलिमिगुंडला गावाजवळ ही गुहा आहे. रस्ता सगळा उजाड माळरानातून जातो. दोन्ही बाजूंना फरशीच्या खाणी आणि काळ्या लाद्यांचे ढीग दिसतात. आमच्या सौ. गाडीतून बघत होत्या. एका ढिगापाशी त्या म्हणाल्या, "अहो, हा तर आपल्या ओट्याचा कडप्पा!"

त्यांचे म्हणणे अगदी बरोबर होते. महाराष्ट्रातल्या हजारो स्वयंपाकघरांतला काळा कडप्पा हा याच मुलखातला, म्हणजे पूर्वीच्या कडप्पा-कर्नूल पट्ट्यातला चुनखडीचा दगड. जुन्या वाड्यांतली शहाबादी फरशीही चुनखडीच. ज्या दगडावर आपण पिढ्यान्‌पिढ्या पोळ्या लाटल्या, त्याच जातीच्या दगडात पाण्याने कोरलेली ही गुहा सव्वातीन किलोमीटर लांब आहे. त्यातला सुमारे दीड किलोमीटरचा भाग पर्यटकांना पाहता येतो.

गुहेला डोंगर नाही, ही पहिली गंमत. सपाट माळावर विहिरीसारखा खड्डा आहे. त्यातून लोखंडी जिना उतरला की आत दालनामागून दालने सुरू होतात. 'बेलम' हे नाव संस्कृत 'बिलम्'वरून आले आहे. आपले 'बीळ' त्याच कुळातले. आत उकडते, दमट वाटते, दहा मिनिटांत सदरा अंगाला चिकटतो. छतावरून लोंबणारे चुन्याचे झुंबर आहेत, एका दालनात शेकडो लिंगांसारखे सुळके आहेत, आणि एका ठिकाणचे खांब वाजवले की धातूसारखा नाद येतो. (ते वाजवायची हौस प्रत्येकालाच असते. मलाही झाली. पण हजारो वर्षांत तयार झालेली वस्तू दिवसभरात शेकडो बोटांनी ठोकली तर किती टिकेल, असा विचार मनात आला आणि हात मागे घेतला.) सर्वांत खाली, दारापासून दीडशे फूट खोल, पाताळगंगा नावाचा झरा आहे. तो थोडा दिसतो आणि खडकात गडप होतो.

आत गुदमरू नये म्हणून जागोजागी वरून ताजी हवा सोडली आहे. त्या झोताखाली उभे राहून आमच्या नातवाने प्रश्न केला, "आजोबा, आपल्याकडे का नाही अशी गुहा?"

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र मला कात्रजला घरी परतेपर्यंत पुरले.

दगडाचा न्याय

पहिले उत्तर भूगोलाच्या पुस्तकातले. पावसाचे पाणी मातीतून मुरताना तिथला कर्बवायू घेते आणि सौम्य आम्ल बनते. हे आम्ल चुनखडी विरघळवते. लाखो वर्षांत फटींच्या नळ्या होतात आणि नळ्यांच्या गुहा. तेच पाणी गुहेच्या छतातून ठिबकले की त्यातला वायू उडून जातो आणि विरघळलेला चुना पुन्हा दगड होऊन बसतो. त्याचेच झुंबर आणि सुळके. वाढ इतकी संथ की वर्षाकाठी मिलिमीटरचा जेमतेम काही अंश.

आपला सह्याद्री मात्र बेसाल्टचा, काळ्या कातळाचा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर साचून तो बनला. हा दगड पाण्यात असा विरघळत नाही. म्हणून आपल्याकडे पाण्याने गुहा केल्या नाहीत. त्या माणसांनी छिन्नी-हातोड्याने केल्या. कार्ले, भाजे, अजिंठा, वेरूळ ही त्याची उदाहरणे. महाराष्ट्रात चुनखडी आहे ती मुख्यतः यवतमाळ-चंद्रपूरच्या टोकाला, आणि तिथे आपण सिमेंटचे कारखाने काढले.

हे सगळे मी नातवाला समजावून सांगितले. त्याला ते पटले, पण आवडले नाही. "म्हणजे आपल्याकडे काहीच नाही," असा निकाल त्याने दिला. त्या निकालाने मला एकदम आठवण झाली की आपण राहतो त्या कात्रजच्या पायाखालीच एक लांबलचक भुयार आहे. त्यात माणूस उभ्याने चालू शकतो. त्यात वरून हवा यायची सोय आहे आणि त्यातून पाताळगंगा वाहत असे. आणि ते बांधलेले आहे चुन्यात.

नानासाहेबांची पाताळगंगा

१७४९-५० च्या सुमारास बाळाजी बाजीराव ऊर्फ नानासाहेब पेशव्यांनी कात्रजला आंबील ओढा अडवून तलाव बांधला. तलाव दोन, वरचा आणि खालचा. वरच्यात गाळ बसावा, खालच्यात निवळ पाणी यावे, ही योजना. खालच्या तलावातून दगड-विटांचे, चुन्यात बांधलेले भुयार निघते आणि धनकवडी, पद्मावतीच्या बाजूने आठ-नऊ किलोमीटर जाऊन शनिवारवाड्यापर्यंत पोचते. त्याची रुंदी सुमारे अडीच फूट, उंची सहा फूट सांगितली जाते. वाटेत ठराविक अंतरावर विहिरीच्या आकाराची तोंडे ठेवलेली आहेत. त्यांना जुने लोक 'उच्छ्वास' म्हणत. त्यांची संख्या सव्वाशेच्या आसपास दिली जाते. या उच्छ्वासांतून हवा खेळे, आतले पाणी दिसे आणि गाळ काढायला माणूस उतरे. बेलमला आज यंत्राने हवा सोडतात. पेशव्यांच्या गवंड्यांनी ते काम नुसत्या भोकांवर भागवले होते.

पुण्यात पोचल्यावर हे पाणी हौदांत पडे. काळा हौद, बदामी हौद, फडके हौद, नाना हौद अशी नावे आजही बसच्या थांब्यांवर आणि पत्त्यांत जिवंत आहेत. हौद मात्र बहुतेक गेले. सगळा कारभार उताराच्या जोरावर. कात्रज उंच, शहर सखल. पंप नाही, विजेचे बिल नाही. पाण्याने स्वतःच्या पायांनी चालत शहरात यावे, एवढीच अपेक्षा आणि तेवढेच गणित. भुयाराचा उतार जास्त झाला तर बांधकाम खरवडून निघते आणि कमी झाला तर गाळ साचतो. लांबलचक अंतरात हा उतार जमिनीखाली सांभाळणे सोपे नव्हते.

यात चुन्याची एक वेगळीच कथा आहे. चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातला कर्बवायू निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. त्यात पाणी घालून, वाळूबरोबर बैलाच्या घाणीत मळून तो दरजांत भरला, की पुढची कित्येक वर्षे तो हवेतला वायू परत शोषून घेतो आणि पुन्हा चुनखडी होतो. म्हणजे जुन्या चुन्याच्या दरजा हा खरे तर माणसाने घडवलेला चुनखडीचा दगड. निसर्गाने कात्रजला चुनखडी दिली नाही, ती गवंड्यांनी घडवली.

ही केवळ कविकल्पना नव्हे. आपल्या जळगाव जिल्ह्याच्या पलीकडे बुऱ्हाणपूरला सतराव्या शतकाच्या आरंभीची 'कुंडी भंडारा' ही भुयारी पाणीयोजना आहे. सातपुड्यातून झिरपणारे पाणी कुंड्यांच्या मालिकेतून शहरात आणलेले. तिथल्या भिंतींवर पाण्यातल्या क्षारांचे पांढरे जाड थर चढले आहेत. माणसाने खणलेल्या भुयाराला निसर्गाने गुहेचे रूप द्यायला सुरुवात केली आहे. तिथे पर्यटकांना पाळण्यातून खाली उतरवून हे दाखवतात, आणि २०२४ मध्ये ही योजना युनेस्कोच्या संभाव्य वारसा यादीत आली. मराठवाड्यात मलिक अंबरच्या नहरींची आणि पाणचक्कीची कीर्ती आहेच. भुयारी पाण्याची विद्या या दख्खनला नवी नव्हती. कात्रजची योजना याच परंपरेतली, पण तिची गोष्ट सांगणारे फलक फार थोडे.

देणारे गाव, मागणारे गाव

पुढे इंग्रजी अमलात, १८७० च्या दशकात खडकवासल्याचे धरण झाले. शहर वाढत गेले, नळ घरात आला आणि हौदांची गरज संपली. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटले, पाठोपाठ खडकवासला फुटला, आणि नळावर विसंबलेले शहर एका दिवसात तहानले. त्या दिवसांत विहिरी-आडांची आठवण कशी झाली, हे सांगणारे वडीलधारे अजून पुण्यात आहेत. पण संकट ओसरले की आठवणही ओसरते.

आज कात्रजची स्थिती काय? खालच्या तळ्याभोवती उद्यान आहे, शेजारी प्राणिसंग्रहालय आहे, रविवारी मुलाबाळांची जत्रा असते. तळ्यावर मात्र जलपर्णीचा हिरवा गालिचा वारंवार पसरतो. जलपर्णी हे सांडपाण्याचे निशाण. ते तळ्यात येते कुठून, हे सांगायला तज्ज्ञ नको. डोंगरउतारावर चढलेल्या वस्त्यांकडे नुसते बघितले तरी पुरे.

आणि याच वस्त्या तहानलेल्या आहेत. २०१७ मध्ये अकरा आणि २०२१ मध्ये तेवीस गावे महापालिकेत आली. त्यांत आंबेगाव, जांभुळवाडी, मांगडेवाडी, भिलारेवाडी, गुजर-निंबाळकरवाडी ही कात्रजच्या अंगाखांद्यावरची गावे आहेत. उन्हाळ्यात या भागातल्या सोसायट्यांच्या दारात टँकरची रांग असते. आमच्याही इमारतीच्या बैठकीत मे महिन्यात पाण्याशिवाय दुसरा विषय नसतो. ज्या गावाने अडीचशे वर्षांपूर्वी उताराने पुण्याला पाणी पाठवले, त्या गावाला आज पंपाने चढवलेल्या पाण्याची वाट पाहावी लागते. नातवाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, "मग आपलं पाणी गेलं कुठे?"

थोडे पाणी कुठे गेले ते २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री दिसले. कात्रजच्या डोंगरात ढग फुटल्यासारखा पाऊस झाला आणि आंबील ओढा अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनीत घरांत शिरला. शहर आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. नानासाहेबांनी याच ओढ्याचा शहरातला प्रवाह वळवून तो अलीकडेच मुठेला सोडला होता. ओढ्याला जागा लागते, हे त्यांना ठाऊक होते. आपण त्याची जागा मोजून विकली. तहान आणि पूर ही दोन वेगळी संकटे आहेत असे आपण समजतो, पण दोन्हींचे मूळ एकच. डोंगरावर पडलेले पाणी थांबवायची, मुरवायची आणि वाट देऊन न्यायची व्यवस्था आपण मोडली. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात जीबीएसची साथ आली, तेव्हा दूषित पाण्यावर संशय गेला आणि घरोघरी पाणी उकळणे सुरू झाले. पाणी येते कुठून, हा प्रश्न त्या महिन्यात प्रत्येक आईने विचारला. तो पुढेही विचारत राहायला हवा.

एका भुयाराशेजारी दुसरे

आता या गोष्टीत नवे पात्र आले आहे. १६ ऑगस्ट २०२४ ला केंद्र सरकारने स्वारगेट ते कात्रज या मेट्रोमार्गाला मंजुरी दिली. लांबी सुमारे साडेपाच किलोमीटर, खर्च सुमारे २,९५० कोटी रुपये, आणि मार्ग पूर्णपणे भुयारी. म्हणजे ज्या पट्ट्यातून पेशव्यांचे भुयार गेले, त्याच पट्ट्याच्या पोटात आता आणखी एक भुयार जाणार.

स्पष्ट सांगतो, मला मेट्रो हवी आहे. कात्रजच्या चौकात संध्याकाळी अर्धा अर्धा तास अडकलेल्या माणसाला वारशाचे प्रवचन देण्यात अर्थ नाही. माझी मुलगी रोज त्या चौकातून जाते. मेट्रोचे बोगदे बरेच खोलवरून जातात, त्यांचा जुन्या भुयाराला धक्का लागेलच असेही नाही. पण स्थानके, जिने आणि हवेचे झरोके वरून खाली खणावे लागतात, आणि खरी काळजी तिथेच आहे. मार्च २०१९ मध्ये स्वारगेटला मेट्रोचे काम चालू असताना जमिनीखाली जुने भुयार लागले, तेव्हा ते पेशवाईतले की नंतरचे, यावर पुण्यात बरीच चर्चा झाली. चर्चा करावी लागली, कारण आपल्या पायाखाली काय आहे याचा सर्वांना दिसेल असा, मोजून काढलेला पुरा नकाशाच हाताशी नव्हता. खणताना सापडेल ते सापडेल, हा न्याय इतक्या जुन्या शहराला शोभत नाही.

म्हणून पहिली मागणी साधी आहे. यंत्र जमिनीत शिरण्याआधी या भुयाराची मोजणी व्हावी. जमिनीवरून पोटातले दाखवणारी रडारची उपकरणे आज आहेत. लहान कॅमेरे आत सोडता येतात. कोणता उच्छ्वास कुठल्या सोसायटीच्या आवारात आहे, कुठला गाडला गेला, कुठे गटार जोडले गेले, याची यादी करून ती लोकांपुढे मांडावी. २,९५० कोटींत या कामाचा खर्च शोधूनही सापडणार नाही.

दुसरा प्रश्न पर्यटनाचा. बेलमसारखी तिकिटे लावून हे भुयार उघडावे का? उत्साही मंडळी लगेच 'हो' म्हणतील. मी थोडा सबुरीने म्हणेन. फ्रान्समधली लास्को ही चित्रांची गुहा १९४८ मध्ये लोकांसाठी उघडली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली. माणसांच्या श्वासाने आणि दिव्यांनी हजारो वर्षांची चित्रे बिघडू लागली होती. दिव्याभोवती हिरवे शेवाळ धरते, हे कुठल्याही उजळलेल्या गुहेत बघायला मिळते. शिवाय आपल्या भुयारात दुसरा धोका आहे. ज्या बंद नळात सांडपाणी शिरले असेल तिथे विषारी वायू साचतो. गटारात उतरलेल्या माणसांच्या बातम्या आपण वाचतोच. हौसेने कोणी उच्छ्वासाचे झाकण काढून आत उतरू नये, हे पालकांनी मुलांना आजच बजावावे.

मला वाटते, एखादा लहान टप्पा साफ करून, तपासून, मर्यादित लोकांना मार्गदर्शकासह दाखवावा. बाकीचे भुयार वरूनच ओळखता यावे. प्रत्येक उच्छ्वासावर मजबूत जाळी आणि शेजारी चार ओळींचा फलक एवढे पुरे. मेट्रोच्या कात्रज स्थानकात या योजनेचा छेद दाखवणारी प्रतिकृती ठेवली, तर रोज हजारो माणसांना नकळत इतिहास आणि जलशास्त्र यांचा धडा मिळेल. रंगीत दिवे आणि ध्वनिप्रकाशाचा खेळ यांची गरज नाही.

पण या सगळ्याआधी तळे. तळ्यात सांडपाणी येत राहिले तर भुयार कितीही घासूनपुसून काढले तरी ते सुशोभित गटारच राहील. कात्रजचे पाणी आजच्या लाखो लोकांची तहान भागवू शकणार नाही, हे मला कळते. पण बागांना, बांधकामांना, धुण्याला ते वापरता आले तरी टँकरच्या काही फेऱ्या वाचतील. आणि तलाव मोकळा असला की सप्टेंबरच्या पावसाला थांबायला जागा असेल.

बेलमचा धडा

बेलमबद्दल एक गोष्ट मुद्दाम शेवटी ठेवली होती. १८८४ मध्ये रॉबर्ट ब्रूस फूट या भूशास्त्रज्ञाने या गुहेची नोंद केली. १९८२-८३ मध्ये जर्मन संशोधकांनी तिची मोजणी केली. तरीही १९८८ पर्यंत आसपासची वस्ती त्या खड्ड्यात कचरा टाकत होती. मग गावातल्याच जाणत्या मंडळींनी पुढाकार घेतला, कचरा उपसला गेला आणि सरकारचा पाठपुरावा सुरू झाला. १९९९ च्या सुमारास पर्यटन महामंडळाने काम हाती घेतले, आणि २००२ पासून गुहा रीतसर उघडली. मोजणीनंतर दारे उघडायला वीस वर्षे लागली. आज त्या उजाड माळावर उपाहारगृह चालते आणि वाट दाखवणाऱ्या तरुणांना काम मिळते.

कचऱ्याचा खड्डा आणि वारसा यांत अंतर किती? बेलमच्या लोकांनी ते मोजून दाखवले. गुहा आधीही तीच होती, नंतरही तीच. बदलली ती गावाची नजर. आपल्याकडे तर निर्मितीचे श्रेयही माणसांचे आहे. ते भुयार ज्यांनी बांधले त्या गवंड्यांची, पाथरवटांची, बेलदारांची नावे कोणाला ठाऊक नाहीत. ज्यांनी बांधायला लावले ते नानासाहेब पानिपतच्या धक्क्याने १७६१ मध्ये पर्वतीवर गेले. पर्वतीचे देऊळ आपण जपले. त्यांनी घरोघर पोचवलेले पाणी मात्र विसरलो.

परत आल्यावर एका रविवारी मी नातवाला घेऊन आमच्या भागातला एक उच्छ्वास शोधायला निघालो. दोन ठिकाणी रखवालदाराने हटकले, तिसऱ्या ठिकाणी एका आजींनी बोट दाखवले. इमारतीच्या मागे, मोडक्या दुचाकींच्या मधे दगडी बांधकामाचे गोल तोंड आणि वर सिमेंटचे झाकण. नातू झाकणाला कान लावून बराच वेळ बसला.

"काही ऐकू येतंय का रे?" मी विचारले.

"नाही," तो म्हणाला. "पण आजोबा, आत आहे ना अजून?"

"आहे," मी म्हणालो. मोजणी झालेली नाही, त्यामुळे यापेक्षा जास्त काही सांगणे मला शक्य नव्हते.